वॉर्साच्या झूमधलं ते पांढरं घर

बुधवार

पोलंडला जाणारे बहुतेक लोक क्राकोला जातात, तिथून ऑश्विट्झ बघतात आणि वॉर्सा फक्त विमान बदलण्यापुरतं. मला आणि ताईला मात्र वॉर्सालाच जायचं होतं, आणि त्यातही मुख्य म्हणजे एक घर बघायचं होतं. वॉर्साच्या प्राणीसंग्रहालयाच्या आवारात तिथल्या डायरेक्टरचा बंगला आहे. दुसऱ्या महायुद्धात यान झाबिन्स्की आणि त्यांची बायको अँतोनिना यांनी या बंगल्यात आणि आजूबाजूच्या रिकाम्या पिंजऱ्यांत मिळून सुमारे ३०० माणसांना आसरा दिला, कुणी काही तास राहिलं, कुणी महिनोन्महिने, कुणी वर्षभरापेक्षा जास्त, आणि त्यातले बहुतेक ज्यू होते. ताई शाळेत इतिहास शिकवते, तिच्याकडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा तरी तिथे उभं राहून यायचं.

दुपारी पोचलो, बॅगा टाकल्या आणि ओल्ड टाउनला चालत गेलो. रंगीत घरं, दगडी चौक, सगळं दोन-तीनशे वर्षं जुनं वाटतं पण जवळजवळ सगळं युद्धानंतर उभं केलेलं आहे. १९४४ मध्ये पोलिश लोकांनी जर्मनांविरुद्ध केलेला उठाव मोडून काढल्यावर जर्मनांनी हे शहर गल्ली-गल्लीने पेटवलं, सुरुंग लावून इमारती उडवल्या, युद्ध संपेपर्यंत वॉर्साचा साधारण ८५ टक्के भाग गेला होता. मग लोकांनी १८ व्या शतकातल्या बेलोत्तो नावाच्या चित्रकाराची शहराची चित्रं, जुने नकाशे, फोटो समोर ठेवून परत बांधलं आणि १९८० मध्ये युनेस्कोने या परत बांधलेल्या गावठाणाला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

ताईने लगेच विचारलं, मग तो बंगला तरी खरा आहे का परत बांधलेला? खरा आहे. त्याचं कारण नदी. झू आहे विस्तुलाच्या पलीकडच्या काठावर, प्रागा भागात, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा प्रागात येऊन थांबल्या. अलीकडच्या काठावर जे जाळपोळीचं काम महिनोन्महिने चाललं ते पलीकडे झालं नाही. संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूच्या उतारावरून आम्ही पलीकडची झाडी बघत होतो, तीच झूची झाडी.

गुरुवार

आजचा दिवस मुद्दाम घेट्टोच्या, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या बंद वस्तीच्या खुणांसाठी ठेवला होता, कारण माणसं कुठून पळून आली हे न बघता त्या घरात जाण्यात काही अर्थ नाही असं ताईचं म्हणणं आणि मला ते शंभर टक्के पटलं.

खुणा शोधाव्या लागतात. फुटपाथवर मधेच लोखंडी पट्टी दिसते, त्यावर भिंतीची जागा आणि साल, १९४० ते १९४३. शेन्ना रस्त्यावर ५५ नंबरच्या इमारतीच्या मागच्या अंगणात भिंतीचा खरा तुकडा उरलाय, लाल विटांचा, तीन मीटर उंच. आजूबाजूला लोकांची रोजची घरं, वरच्या बाल्कनीत कपडे वाळत घातलेले. १६ नोव्हेंबर १९४० ला घेट्टो बंद केलं आणि चार लाखांहून जास्त माणसं साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत कोंडली. ख्वोद्ना रस्त्यामुळे घेट्टोचे दोन भाग झाले होते आणि ज्यूंना खालच्या रस्त्यावर पाय ठेवता येऊ नये म्हणून वरून लाकडी पूल बांधलेला, त्या जागी आता दोन्ही बाजूंना खांब उभे केलेत आणि रात्री त्यांच्यामधून दिव्यांची रेघ दिसते.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो सॉलिडॅरिटी अव्हेन्यूवरच्या कोर्टाच्या इमारतीसमोर. केवढी मोठी इमारत, आजही तिथे कोर्टच आहे. त्या काळी तिचा एक दरवाजा घेट्टोच्या बाजूला आणि दुसरा बाहेरच्या शहराच्या बाजूला उघडायचा, त्यामुळे एका दाराने आत जाऊन, जिने-पॅसेज ओलांडून दुसऱ्या दाराने बाहेर पडून कित्येक जण निसटले. पण निसटल्यावर जायचं कुठे? १५ ऑक्टोबर १९४१ चा हुकूम होता की परवानगीशिवाय घेट्टोबाहेर सापडलेल्या ज्यूला मृत्युदंड आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड, आणि प्रत्यक्षात कित्येकदा त्या घरातल्या सगळ्यांनाच मारलं जायचं, लहान मुलांसकट. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

संध्याकाळी त्वोमात्स्किये रस्त्यावरच्या ज्यू इतिहास संस्थेत दुधाचं कॅन बघितलं. इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या गटाने घेट्टोतली रोजची माहिती, पत्रं, शाळेचे निबंध, खाण्याची कुपनं, जे मिळेल ते जमवून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरलं होतं. एक भाग १९४६ ला सापडला, दुसरा १९५० ला. कॅन अगदी साधं, गंजलेलं, बाहेरून माती बसलेली. ताई त्याच्यासमोर खूप वेळ उभी होती, मी काही बोलले नाही.

शुक्रवार

ओल्ड टाउनजवळून ट्राम पकडली, पूल ओलांडला की पहिला स्टॉप पार्क प्रास्की, तिथे उतरून झूपर्यंत चालत जाता येतं. आत शाळेच्या सहली, बाबागाड्या, आईस्क्रीम, सगळं कुठल्याही झूसारखं. व्हिला, म्हणजे तो बंगला, आत झाडांमध्ये आहे आणि आधी बुकिंग करून गाईडसोबतच बघता येतो, ते आम्ही निघायच्या आधीच केलं होतं. गाईड एक तरुण मुलगी होती, सावकाश आणि फार मनापासून सांगत होती.

झाडीतून बाहेर आलो आणि समोर घर. मी तिथेच थांबले, कारण लपायची जागा म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर असतं, म्हणजे माळा, बंद खोली, कपाटामागचं दार, त्यातलं काहीच नाही. १९३१ चं बांधकाम, पांढऱ्या भिंती, त्या काळच्या मॉडर्न पद्धतीचं, आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की बाहेरच्या माणसाला आतला दिवाणखाना दिसावा. ताई म्हणाली, "अगं हे तर काचेचं घर आहे, इथे कोण कसं लपणार?" गाईडने ते ऐकून विचारलं काय म्हणताय, मी इंग्लिशमध्ये सांगितलं, तर ती म्हणाली की जवळजवळ प्रत्येक जण इथे हाच प्रश्न विचारतो.

मग तिने पहिल्यापासून सांगितलं. झू उघडलं १९२८ ला, यान १९२९ पासून डायरेक्टर. १९३७ मध्ये इथे हत्तीचं पिल्लू जन्मलं, तुझिंका, सगळं शहर तिला बघायला यायचं. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्ब पडले, पिंजरे फुटले, कितीतरी प्राणी मेले, वाघ-सिंहांसारखे धोकादायक प्राणी मोकळे सुटतील म्हणून पोलिश सैनिकांनीच गोळ्या घातल्या. जे वाचले त्यातले मौल्यवान प्राणी बर्लिन झूचा डायरेक्टर लुट्झ हेक जर्मनीला घेऊन गेला, तुझिंकाला क्योनिग्सबेर्गला नेलं. आणि मग हेक आणि त्याच्या लोकांनी उरलेल्या प्राण्यांची या आवारातच शिकार केली, वर्षअखेरची पार्टी म्हणून. अँतोनिना तेव्हा याच घरात होती, लहान मुलाला घेऊन, आणि बाहेर बंदुकांचे आवाज. हे ऐकताना आमच्या ग्रुपमध्ये कुणी हललं सुद्धा नाही.

झू रिकामं झालं. यानने जर्मनांकडून परवानगी काढली की इथे डुकरं पाळतो, मांस मिळेल. डुकरांना खायला घालण्यासाठी खरकटं, साली गोळा करायच्या या निमित्ताने घेट्टोत जाता यायला लागलं, शिवाय शहराच्या बागांचं काम त्याच्याकडे होतं, तेही निमित्त. जाताना खाणं आणि निरोप न्यायचे, येताना माणसं आणायची.

आणि किड्यांची गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या खोलीत काचेच्या पेट्या आहेत, आत ओळीने टाचलेले भुंगे, काही करंगळीच्या नखाएवढे, काही हिरवे-निळे चमकणारे, प्रत्येकाखाली बारीक अक्षरातली चिठ्ठी. हा संग्रह शिमोन टेनेनबाउम या कीटकतज्ज्ञाचा. त्यांना घेट्टोत जावं लागलं तेव्हा अशा सुमारे ४०० पेट्या त्यांनी झाबिन्स्कींच्या घरी ठेवायला दिल्या. घेट्टोच्या लेबर ऑफिसचा जर्मन प्रमुख किड्यांचा शौकीन होता, तो हा संग्रह बघायला इथे आला आणि त्यातून यानची त्याच्याशी ओळख झाली. त्याच्या ऑफिसचा एक दरवाजा घेट्टोबाहेर उघडायचा. यान मुद्दाम त्याला भेटायला परत परत जात राहिला, पहारेकऱ्याला त्याचा चेहरा पाठ झाला, आणि मग एक दिवस यान बाहेर पडताना सोबत कुणीतरी होतं, आणि पहारेकऱ्याने त्याला हटकलं नाही. टेनेनबाउम स्वतः १९४१ मध्ये घेट्टोतच वारले. त्यांची बायको वाचली, ती या घरात आली. पेट्या पण वाचल्या. मी त्या चिठ्ठ्या वाचायचा प्रयत्न करत होते, गावांची नावं, तारखा, ज्या माणसाने त्या एवढ्या निगुतीने लिहिल्या त्याला स्वतःला बाहेर पडता आलं नाही.

दिवाणखान्यात पियानो. अनोळखी कुणी, विशेषतः जर्मन, घराकडे येताना दिसला की अँतोनिना ऑफेनबाखच्या ऑपेरेटातलं एक गाणं वाजवायची, क्रीटला चला, क्रीटला चला अशा अर्थाचं, भराभर चालीचं. ते ऐकू आलं की वरचे, खालचे सगळे आपापल्या जागी गप्प किंवा तळघरातून बाहेर. त्या मोठ्या खिडक्यांचा उपयोग इथे कळतो, घराकडे येणारा माणूस आतून लांबूनच दिसायचा आणि पियानो खिडकीपासून जवळ. गाईडने ती चाल गुणगुणून दाखवली. ताई पेटी वाजवते, तिने लगेच दोन ओळी उचलल्या, एवढी हसरी चाल आहे ती की अंगावर काटा आला.

तळघर बघायला जिन्याने खाली उतरायचं. अरुंद पॅसेज, डोकं सांभाळत जावं लागतं, छोट्या खोल्या, थंडगार भिंती. एका टोकाला भुयारासारखी वाट आहे, ती बागेच्या बाजूला बाहेर पडते. मी वाकून आत थोडी पुढे गेले. लांबीने काही फार नाही ती वाट. पण पोटाशी लहान मूल धरून, आवाज न करता, वर बुटांचा आवाज येत असताना इथून जायचं... मी परत मागे आले, पुढे जाववलं नाही.

इथल्या माणसांना घरात प्राण्यांची नावं होती आणि प्राण्यांना माणसांची. माग्दालेना ग्रोस ही नावाजलेली शिल्पकार, युद्धाआधी याच झूमध्ये बसून प्राण्यांची शिल्पं करायची, ती लपून राहिली तेव्हा तिचं नाव साळुंकीच्या जातीच्या एका पक्ष्यावरून पडलं होतं. केनिग्स्वाइन कुटुंब होतं, आई-वडील आणि मुलं. पोलिश दिसावेत म्हणून अँतोनिनाने त्यांचे केस सोनेरी करायला घेतले, रंग असा चढला की सगळ्यांचे केस लालभडक, झालं, त्यांचं नाव खारी. ते काही काळ सिंहांच्या जागेत राहिले. त्यांना आणि बाकीच्यांना जेवण पोचवायचं काम बऱ्याचदा झाबिन्स्कींचा मुलगा रिशार्द करायचा. युद्ध सुरू झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता. या वयाच्या मुलाने शाळेत, मित्रांत, कुणाजवळ एक अक्षर बोलायचं नाही. ताई म्हणाली मी याच वयाच्या मुलांना शिकवते, त्यांना वाढदिवसाचं सरप्राईज एक तास पोटात ठेवता येत नाही.

हे सगळं ऐकल्यावर त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं मिळालं. त्या घरात आधीपासूनच कायम कुणीतरी यायचं-जायचं, नातेवाईक, मित्र, कलाकार, वर डुकराचं पिल्लू, ससा, आजारी पक्षी, सगळे घरातच वावरणारे. आवारात जर्मन सैनिकांची ये-जा होतीच. अशा गजबजलेल्या, उघड्या घरात एखादी मावशी किंवा शिवणकाम करणारी बाई जास्त दिसली तर कुणाला संशय येणार. दिवसा शांत राहायचं आणि रात्री पडदे ओढून सगळे वर दिवाणखान्यात, एकत्र जेवण, पियानो, गप्पा. माग्दालेना इथे परत शिल्पं करायला लागली. मला वाटतं अँतोनिनाचं मोठेपण इथे आहे, तिने त्या लोकांना पाहुण्यासारखं ठेवलं, ओझ्यासारखं नाही. जीव तर वाचवायचाच, पण त्या जिवाला रात्रीच्या जेवणाची वाट बघावीशी वाटली पाहिजे, हे तिला कळत होतं.

यान जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या पोलिश भूमिगत फौजेत, होम आर्मीतही होता. ऑगस्ट १९४४ च्या उठावात मानेला गोळी लागली, पकडला गेला, जर्मनीत कैदेत राहिला. मुलगी तेरेसा तेव्हा तान्ही. अँतोनिना दोन्ही मुलांना घेऊन शहराबाहेर गेली आणि युद्धानंतर सगळे परत आले. झू १९४९ ला पुन्हा उघडलं. १९६५ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक संस्थेने दोघांना राइटियस अमंग द नेशन्स हा, ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंसाठीचा सन्मान दिला. घर लोकांसाठी म्युझियम म्हणून उघडलं ते मात्र २०१५ मध्ये.

बाहेर येऊन बाकावर बसलो. हत्ती वगैरे बघायचं राहिलं, कुणालाच बघायचं नव्हतं.

शनिवार

आज ओखोटा भाग. ग्रुयेत्स्का हा मोठा, ट्रामचा, दुकानांचा रस्ता. इथे ७७ नंबरच्या इमारतीवर एक पाटी आहे. युद्धाच्या काळात या जागी मिएचिस्वाव वोल्स्की नावाच्या माळ्याचं हरितगृह होतं, त्याच्या खाली जमिनीत खोदलेल्या खोलीत जवळजवळ चाळीस माणसं राहत होती, त्यात गुरुवारी ज्यांचं दुधाचं कॅन बघितलं ते रिंगेलब्लूम, त्यांची बायको आणि मुलगा. ७ मार्च १९४४ ला ती जागा सापडली. सगळ्यांना मारलं, वोल्स्की आणि त्याच्या भाच्यालाही. कालच्या घरापेक्षा ही जागा कितीतरी जास्त लपलेली होती. मी पाटीसमोर उभी राहून विचार करत होते की झाबिन्स्कींचं चातुर्य, धाडस सगळं खरं, पण नशिबाचा वाटा कुणी नाकारू नये, आणि वोल्स्कींचं नाव तेवढ्याच आदराने घ्यावं.

इथून जवळच स्क्वेअर ऑफ द गुड महाराजा आहे. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या नावाचा चौक, त्यांनी १९४२ मध्ये बालाचडीला पोलिश मुलांसाठी कॅम्प उघडला होता. एवढ्या लांब ओळखीचं नाव बघून बरं वाटलं, दोघींनी फोटो काढले.

दुपारी होझा रस्त्यावरचं ५३ नंबरचं कॉन्व्हेंट बाहेरूनच बघितलं, आजही तिथे सिस्टर्स राहतात. मदर मातिल्दा गेत्तेर यांनी आपल्या संस्थेच्या घरांमधून शेकडो ज्यू मुलं वाचवली. इरेना सेंडलर ही समाजसेविका आणि तिच्यासोबतचे लोक घेट्टोतून ज्या मुलांना बाहेर काढायचे त्यातली काही अशा कॉन्व्हेंट्समध्ये ठेवली जायची. मुलांच्या खऱ्या नावांच्या याद्या सेंडलरने बरण्यांत भरून झाडाखाली पुरल्या होत्या, युद्धानंतर त्यांना त्यांची माणसं शोधता यावीत म्हणून.

रविवार

रविवारी पोलंडमध्ये बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात, त्यामुळे पाणी, ब्रेड वगैरे शनिवारीच घेऊन ठेवा.

सकाळी पोलिन म्युझियम, पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचं, अर्धा दिवस कमी पडतो, मंगळवारी बंद असतं. तिथून चालत जनरल आंदेर्स रस्त्यावर, इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे, आणि जवळच आपल्या कोल्हापूरची पाटी. वळिवडे कॅम्पची. आमची आई कोल्हापूरची, तिच्या तोंडून पोलिश कॅम्प हा शब्द लहानपणापासून ऐकलेला, पण तो वॉर्सात दगडावर कोरलेला बघणं वेगळंच.

या पाटीची जागा पण बरोबर आहे. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सरकारने लाखो पोलिश लोकांना सैबेरिया, कझाकस्तानला नेऊन टाकलं होतं. सुटका झाल्यावर जनरल आंदेर्सची फौज इराणमार्गे बाहेर पडली, तीच पुढे मोंते कासिनोला लढली, आणि तिच्यासोबत बाहेर पडलेल्या बायका-मुलांपैकी सुमारे ५००० जण पंचगंगेच्या काठी वळिवड्याला आले, १९४३ ते १९४८. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ते गेल्यावर त्याच बराकींमध्ये फाळणीत घर सुटलेले सिंधी लोक येऊन राहिले, आजचं गांधीनगर. वॉर्सात ज्यांना दार उघडल्याबद्दल मरण होतं आणि कोल्हापुरात ज्यांना दार उघडता आलं, दोघांची तुलना मी करणार नाही, धोका कुठे जास्त होता हे उघड आहे. पण घर जळलेल्या माणसाला शाळा, स्वयंपाक, गाणी यांची पण गरज असते हे वळिवड्यालाही कुणीतरी ओळखलं होतं. ताईने पाटीवरचा मजकूर पूर्ण लिहून घेतला, वर्गात वाचून दाखवायला.

जाणार असाल तर व्हिलाचं बुकिंग सगळ्यात आधी करा, विमानाच्या तिकिटासोबतच. झूचं तिकीट काढलं म्हणजे व्हिला बघता येईल असं धरून चालू नका. इंग्लिश गाईड हवा हे आधी कळवा. तळघरात उतरायला जिना आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी घ्या. लहान मुलं असतील तर आधी त्यांना प्राणी दाखवून दमवा. आणि घेट्टोच्या खुणा आधी, घर नंतर, हा क्रम शक्यतो बदलू नका.